विश्लेषण : दोन तासांच्या मुलाखती, दोन मिनिटांचे आवाहन… संस्थांच्या मदत-चित्रफितींचे संकलन कसे होते?

गणेशोत्सव, दिवाळी आणि मार्चअखेर या तीन मोसमांत व्हॉट्सॲपवर एक ठरावीक प्रकारची चित्रफीत हमखास येते. एक चेहरा, त्याची गोष्ट, संस्थेचे काम आणि शेवटी देणगीसाठी क्यूआर. आपण ती दोन मिनिटांत पाहतो, कधी पैसे पाठवतो, कधी पुढच्या गटात ढकलतो. या दोन मिनिटांमागे बहुतेकदा दोन-अडीच तासांच्या मुलाखती असतात. त्यातले काय ठेवायचे आणि काय कापायचे, हा निर्णय एका खोलीत संगणकासमोर बसलेली एक-दोन माणसे घेतात. तो कसा घेतला जातो आणि तो चुकला तर नुकसान कोणाचे होते, याविषयी…

एक शब्द गाळला तर काय होते?

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातील एका छोट्या संस्थेसाठी अशी चित्रफीत मी संकलित केली. संस्था ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. आई-बाप कोयता घेऊन सहा महिने कारखान्याच्या फडावर जातात. मुले सोबत गेली की शाळा सुटते, म्हणून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावातच करायची, असे हे काम. मुलाखत एका आजीची होती, ५२ मिनिटांची. त्यातली तिची मुख्य वाक्ये अशी : ‘पोरगा गेला कारखान्याला. सून बी गेली त्याच्यासंगं. दिवाळी झाली की जातेत, पाडव्याला येतेत. तवर ही दोन लेकरं माझ्या पदरात.’

नेमके ‘कारखान्याला’ या शब्दावर मागच्या रस्त्याने ट्रॅक्टर गेला. आवाज खराब झाला म्हणून तेवढा शब्द मी काढला. वेळ वाचवायला दिवाळी-पाडव्याचे वाक्यही काढले. उरले ते असे : ‘पोरगा गेला. सून बी गेली. ही दोन लेकरं माझ्या पदरात.’ वर कुलूप लावलेल्या घराचे दृश्य आणि खाली व्हायोलिन. संस्थेच्या विश्वस्तांनी पहिला कच्चा कट पाहिला आणि दोघांनी डोळे पुसले. मला वाटले, काम फत्ते.

संस्थेच्या कार्यकर्तीने हट्ट धरला म्हणून तो कट आजीला अंगणात लॅपटॉपवर दाखवला. आजी आधी हसली, मग थांबली. ‘अगं बाई, माझं पोरगं जित्तं हाय की! सून बघंल तर काय म्हनंल?’

मराठीत ‘गेला’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत आणि तो ‘कुठे’ हे सांगितले नाही तर ऐकणारा दुसराच अर्थ घेतो. तिच्या तोंडचा एकही शब्द मी बदलला नव्हता. प्रत्येक शब्द तिचाच होता, तरी वाक्य खोटे होते. ती चित्रफीत तशीच गेली असती तर देणग्या कदाचित जास्त आल्या असत्या. पण दोन मुलांना आख्ख्या तालुक्याने अनाथ ठरवले असते, त्यांचे आई-बाप धडधाकट असताना.

दुरुस्ती साधी निघाली. दिवाळी-पाडव्याचे वाक्य स्वच्छ ध्वनिमुद्रित झाले होते, ते परत घेतले. सात सेकंद वाढले. गंमत म्हणजे त्याच वाक्यामुळे देणगीदाराला संस्थेची गरज नेमकी कळली : वर्षभर नव्हे, सहा महिने, दिवाळी ते पाडवा.

मुळात चित्रफीत इतकी छोटी का?

कारण ती फोनवर, बसमध्ये, जेवताना पाहिली जाते. वार्षिक स्नेहसंमेलनात दाखवायची दहा मिनिटांची फिल्म वेगळी. तिथे प्रेक्षक खुर्चीत बसलेला असतो. समाजमाध्यमांसाठी ९० सेकंद ते अडीच मिनिटे हा सध्याचा व्यवहार्य पल्ला आहे. लांब फिल्म चालतच नाही असे नाही. ‘कोनी २०१२’ ही ‘इन्व्हिजिबल चिल्ड्रन’ या अमेरिकी संस्थेची चित्रफीत जवळपास अर्ध्या तासाची होती आणि मार्च २०१२ मध्ये काही दिवसांत तिने यूट्यूबवर कोट्यवधी प्रेक्षक मिळवले. पण युगांडातील गुंतागुंतीचा संघर्ष एका खलनायकावर आणून ठेवल्याबद्दल तिच्यावर टीकाही तेवढीच झाली. लांबी वाढवली म्हणून सुलभीकरण टळत नाही, हा त्यातला एक धडा.

शब्दांचा हिशेब पाहिला की संकलकाची अडचण कळते. शांतपणे बोलणारा माणूस मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द बोलतो. दोन तासांच्या मुलाखतींत १२ ते १४ हजार शब्द होतात. सव्वादोन मिनिटांच्या फितीत श्वास, दृश्ये, शेवटची पाटी वगळली तर बोलण्यासाठी पावणेदोन मिनिटे उरतात. म्हणजे दोनशे शब्द. या बातमीचे पहिले तीन परिच्छेद, एवढीच जागा.

संकलनाला सुरुवात कुठून करतात?

कागदावरून. नवखा संकलक थेट सॉफ्टवेअर उघडतो आणि चांगले वाटणारे तुकडे एकामागे एक ठेवत जातो. दोन दिवसांनी त्याच्याकडे १४ मिनिटांची फीत असते आणि त्यातले काहीच कापवत नाही. अनुभवी माणूस आधी प्रत्येक मुलाखत शब्दशः उतरवून घेतो, प्रत्येक वाक्याशेजारी वेळ लिहितो आणि मग प्रिंटवर रंगीत पेनने खुणा करतो. याला या धंद्यात ‘पेपर एडिट’ म्हणतात.

शब्दांकनाचे काम आता यंत्रे करतात. ॲडोबीच्या प्रीमिअर प्रोमध्ये २०२३ पासून उतरवलेला मजकूर कापला की फीत आपोआप कापली जाते, अशी सोय आली आहे. मात्र या यंत्रांना प्रमाण भाषा जमते, बोली जमत नाही. मराठवाडी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्याचे यांत्रिक शब्दांकन वाचताना कधी हसू येते, कधी अर्थच उलटा होतो. त्यामुळे त्या भागातल्या एखाद्या कार्यकर्त्याने बसून ते दुरुस्त करणे अजूनही अपरिहार्य आहे. हा कंटाळवाणा भाग आहे. पण आजीच्या ‘गेला’मध्ये दोन अर्थ आहेत हे मला कळले नव्हते, कार्यकर्तीला लगेच कळले.

खुणा कशाच्या करायच्या? पहिला प्रकार, माहिती देणारी वाक्ये : किती मुले, किती महिने, किती खर्च. दुसरा, फक्त तीच व्यक्ती सांगू शकेल अशी वाक्ये. माहिती सचिवांच्या तोंडी किंवा पडद्यावरच्या अक्षरांतही देता येते. आजीने मात्र तिचे तिनेच सांगायला हवे. ‘रोज रात्री धाकटी इचारती, आईचा फोन आला का’ हे वाक्य सचिवांकडून ऐकण्यात काही अर्थ नाही. उलट ‘शैक्षणिक सातत्य टिकवण्यासाठी आम्ही बहुआयामी हस्तक्षेप करतो’ हे वाक्य कोणाच्याच तोंडी शोभत नाही, तरी ते प्रत्येक मुलाखतीत असते. ते कापताना सचिवांची नाराजी ओढवते. ओढवू द्यावी.

खुणा केलेली वाक्ये चिठ्ठ्यांवर लिहून टेबलावर मांडली की क्रम दिसू लागतो. मग फक्त आवाजाचा कट तयार करायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आकाशवाणीवरच्या रूपकासारखी ती गोष्ट चित्राशिवाय कळली, तर पाया पक्का. नाही कळली, तर ड्रोनने टिपलेली कितीही सुंदर दृश्ये तिला वाचवू शकत नाहीत.

एकच चेहरा की संपूर्ण आकडेवारी?

इथे संस्था आणि संकलक यांची हमखास जुंपते. संस्थेला २५ वर्षांचे काम, सात प्रकल्प, तीन जिल्हे, सगळे यायला हवे असते. संशोधन दुसऱ्या बाजूने बोलते. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आफ्रिकेतील उपासमारीची आकडेवारी दाखवली, तर काहींना माली देशातील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची माहिती दिली. एका मुलीसाठी लोकांनी आकडेवारीच्या तुलनेत दुपटीहून अधिक पैसे दिले. त्याहून विचार करायला लावणारी बाब म्हणजे, मुलीच्या गोष्टीला आकडेवारी जोडली तेव्हा देणगी पुन्हा घसरली.

म्हणून एक चेहरा. पण याच निष्कर्षाचा गैरफायदाही घेतला जातो. चेहरा जितका केविलवाणा तितके पैसे जास्त, असा हिशेब सुरू होतो. १९८४ च्या इथिओपियातील दुष्काळाची दृश्ये जगभर पोहोचली आणि पुढच्या वर्षी ‘लाइव्ह एड’ मैफलीतून प्रचंड निधी उभा राहिला. त्यातून उपाशी, नाव नसलेल्या, डोळ्यांवर माश्या बसलेल्या मुलाचे चित्र निधीसंकलनाचा साचाच बनले. या साच्याविरुद्ध युरोपातील स्वयंसेवी संस्थांच्या महासंघाने २००६ मध्ये चित्रे आणि संदेशांसाठी आचारसंहिता स्वीकारली. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका मदत संस्थेने २०१२ मध्ये त्याची थट्टाच केली : थंडीने कुडकुडणाऱ्या ‘बिचाऱ्या’ नॉर्वेवासीयांसाठी आफ्रिकेतील लोक हीटर गोळा करत आहेत, असे गाणे तयार करून. ‘रॅडी-एड’ नावाची ती फीत आवर्जून पाहण्यासारखी आहे.

आपल्याकडचा साचा थोडा वेगळा आहे. इथे मुलाला रडवले जाते आणि मग साहेबांच्या हस्ते दप्तर दिले जाते. माझ्या मते संकलकाने एक साधी कसोटी लावावी. फितीतल्या माणसाने आपल्या अडचणीवर स्वतः काय केले, हे एका तरी वाक्यात आहे का? आजी पहाटे उठून दोघांचे डबे करते, शाळेच्या सभेला जाते, मुकादमाशी भांडून सुनेला आठवड्यातून एकदा फोन करायला लावते. हे सगळे मुलाखतीत होते. पहिल्या कटमध्ये त्यातले काहीच नव्हते.

जोड दिसू नये म्हणून काय करतात?

मुलाखतीतले वाक्य मध्येच कापले की बोलणाऱ्याचे डोके पडद्यावर टुणकन उडी मारते. ती उडी झाकण्यासाठी वर दुसरी दृश्ये टाकतात : चूल, हात, वह्या, शाळेची घंटा. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी मुलाखतीइतकाच वेळ अशा दृश्यांना द्यावा लागतो. तो बहुतेक वेळा दिला जात नाही आणि मग संकलनाच्या टेबलावर रडारड होते. पुढच्या दृश्याचा आवाज आधी सुरू करणे किंवा मागचा आवाज पुढच्या दृश्यावर थोडा रेंगाळू देणे, ही दुसरी युक्ती. कानाला ओघ लागला की डोळा जोडाकडे दुर्लक्ष करतो.

पण झाकणारे दृश्य निरुपद्रवी नसते. शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक, कधी शोक दिसला, असे चित्रपटशास्त्रात शिकवले जाते. आमच्या फितीतले कुलूपबंद घर हे त्याचेच उदाहरण. ते घर आजीचे नव्हतेच, शेजाऱ्याचे होते, आणि शेजारी बाजाराला गेला होता.

या क्षेत्रात एक अलिखित मर्यादा मानली जाते. अडखळणे, पुनरुक्ती, ‘म्हणजे’, ‘ते आपलं’ कापणे चालते. वाक्यांचा क्रम बदलणेही अर्थ तोच राहत असेल तर चालते. पण एका उत्तराचा पूर्वार्ध आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा उत्तरार्ध जोडून नवे वाक्य तयार करणे चालत नाही. आता आवाजाची नक्कल करून न बोललेला शब्दही भरता येतो. ट्रॅक्टरखाली गेलेला ‘कारखान्याला’ हा शब्द मी आज तसा ‘दुरुस्त’ करू शकलो असतो. करू नये असे माझे मत आहे; तिला फोन करून तो शब्द पुन्हा बोलून घ्यावा, किंवा पडद्यावर लिहावा.

आवाज, अक्षरे आणि संगीत

चित्र थोडे हलले तर प्रेक्षक सोसतो, आवाज फुटला तर फीत बंद करतो. फोनवर चित्रीकरण करणाऱ्यांनी शे-पाचशे रुपयांचा कॉलर माइक घ्यावा. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. मुलाखत संपल्यावर सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज ध्वनिमुद्रित करावा. दोन वाक्यांमधली पोकळी त्यानेच भरता येते. फोनच्या चित्रीकरणात दर सेकंदाच्या चौकटींची संख्या कमी-जास्त होते, त्यामुळे लांब मुलाखतीत ओठ आणि शब्द यांची फारकत होते. संकलनाआधी फाइल एकसमान गतीत बदलून घेतली की हा त्रास टळतो. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवून सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे.

अनेक जण फीत आवाज बंद ठेवूनच पाहतात, म्हणून खाली अक्षरे हवीतच. प्रश्न पडतो तो बोलीचा. ‘जातेत, येतेत’चे ‘जातात, येतात’ करायचे का? मराठी प्रेक्षकांसाठी करू नये. बोलणे एक आणि लिहिलेले दुसरे दिसले की बोलणाऱ्याला सुधारल्यासारखे वाटते. अवघड शब्द असेल तिथे इंग्रजी किंवा हिंदी अक्षरांच्या आवृत्तीत अर्थ द्यावा. देवनागरीसाठी ‘मुक्त’सारखे मोफत युनिकोड टंक उपलब्ध आहेत. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय सेटिंगमध्ये जाऊन वेगळी सुरू करावी लागते, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात.

संगीताबद्दल एवढेच : चित्रपटगीत वापरू नका, हक्काचा दावा येऊन फीत अडकते. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहात मोफत संगीत आहे. आणि व्हायोलिन टाकण्यापूर्वी फीत एकदा संगीताविना पाहा.

कायदा काय सांगतो?

मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसारित करता येत नाही. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बालगृहातील मुलांचे चेहरे देणगीच्या फितीत सर्रास दिसतात, ते या कलमाच्या विरोधात जाते. लैंगिक अत्याचारपीडित बालकांची ओळख ‘पोक्सो’च्या कलम २३ ने संरक्षित आहे. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. चेहरा धूसर केला पण शाळेच्या गणवेशावरचे नाव किंवा भिंतीवरचा गावाचा फलक तसाच राहिला, तर ओळख लपत नाही. संकलकाने फीत एकदा फक्त पार्श्वभूमी पाहण्यासाठी चालवावी.

प्रौढांच्या संमतीचे काय? चित्रीकरणापूर्वी कागदावर घेतलेला अंगठा ही संमतीची सुरुवात झाली. वसतिगृहाच्या मदतीवर नातवंडे अवलंबून असलेली आजी संस्थेला ‘नाही’ कशी म्हणेल? म्हणून तयार फीत दाखवून पुन्हा विचारणे महत्त्वाचे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती मोकळेपणाने, माहिती देऊन घेतलेली आणि मागे घेता येण्याजोगी असावी, हेच तत्त्व आहे.

शेवटच्या दहा सेकंदांत काय असावे?

एकच मागणी. ‘देणगी द्या, स्वयंसेवक व्हा, पेज लाइक करा, भेट द्या’ असे चार पर्याय दिले की प्रेक्षक एकही करत नाही. एका मुलाचा एका महिन्याचा किंवा संपूर्ण हंगामाचा खर्च सांगावा. पण तो आकडा संस्थेच्या हिशेबातून आलेला हवा, गोल वाटतो म्हणून घेतलेला नको.

सगळे शेवटी क्यूआर टाकतात. फीत ज्या फोनवर पाहतो त्याच फोनने तो स्कॅन करता येत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. यूपीआय आयडी अक्षरांत, किमान पाच सेकंद दिसेल असा द्यावा आणि संदेशाच्या मजकुरात दुवाही. ८०जीच्या सवलतीचा उल्लेख करायचा तर नेमका करावा : दोन हजारांवरील रोख देणगीला ती मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांनाही नाही. फीत परदेशातील महाराष्ट्र मंडळांच्या गटांत जाणारच. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी ही ‘विदेशी अंशदान’ ठरते. ती एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातच घेता येते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी मराठी माणसाने बँकेमार्फत स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. हा फरक पाटीवर एका ओळीत लिहिला तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो.

फीत पाठवल्यानंतर काम संपते का?

यूट्यूबवरून फीत काढता येते, व्हॉट्सॲपवरून नाही. आमची ती फीत अजून फिरते आहे. त्यातली तिसरीतली धाकटी आता आठवीत आहे. मागच्या दिवाळीत एका वाचकाने ती मलाच पाठवली, ‘या मुलांना मदत करायला हवी’ असे लिहून. तिच्या आई-बापांनी दोन वर्षांपूर्वी फडावर जाणे सोडले आहे. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. तेव्हापासून मी प्रत्येक फितीच्या कोपऱ्यात चित्रीकरणाचा महिना आणि वर्ष टाकतो, शेवटच्या पाटीवर नव्हे, तर पहिल्या सेकंदापासून अखेरपर्यंत. विश्वस्तांना ते दिसायला आवडत नाही.